'पुलिंग माय लेग' लिहिलं आणि साहेब खूश झाले! इंग्रजी वाक्प्रचार वापरायचे तरी कसे?

निळीशाई

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचते चांगलं, लिहिते बऱ्यापैकी. बोलताना मात्र वाक्य आधी मराठीत तयार होतं आणि मग त्याला इंग्रजी कपडे चढवून बाहेर पाठवते. मॅनेजर अमेरिकन, तिकडेच असतो, गाठ पडते ती व्हिडिओ कॉलवर.

तर झालं असं. टीममधला एक सहकारी तीन महिने झाले, क्लायंटसमोर माझ्या प्रत्येक कामात खोट काढतोय. मी रिपोर्ट मांडला की हा मध्येच म्हणणार, "हे तिने सगळ्या ब्राउझरवर तपासलंय का, मला शंका आहे." तपासलेलं असतं. चूक कधीच निघत नाही, पण शंका तेवढी हवेत राहते. शेवटी धीर करून मॅनेजरला मेल लिहिला. चार ओळींना दोन तास लागले. त्यातलं मुख्य वाक्य होतं: "ही कीप्स पुलिंग माय लेग इन फ्रंट ऑफ द क्लायंट." माझ्या डोक्यात सरळ होतं. पाय ओढतोय, मला वर येऊ देत नाही.

दहा मिनिटांत उत्तर. "हाहा, ग्लॅड यू टू आर गेटिंग अलाँग सो वेल!" पुढे हसरा चेहरा.

चार वेळा वाचलं. मी तक्रार केलीय आणि साहेब म्हणतायत, तुमचं दोघांचं छान जमतंय हे ऐकून बरं वाटलं! मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की पुलिंग समवन्स लेग म्हणजे फिरकी घेणं, गंमत करणं. आणि गंमत म्हणजे माझ्याकडे ५०० इंग्रजी वाक्प्रचारांची पीडीएफ आहे, रोज पाच पाठ करते. हा वाक्प्रचार त्यात ३१२ वा. मी १४० वर पोचले होते.

प्रश्न दोन. अशा याद्या पाठ करून काही उपयोग असतो का? आणि आता त्या मॅनेजरला काय लिहू?

---

कट्टेकरी

हसू नये, पण हसलो. माफ करा.

तुमच्या यादीचा मी आधीचा बळी. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेजारचे आजोबा वारले म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि मेलमध्ये लिहिलं की ते "किक्ड द बकेट". यादीत अर्थ दिला होता 'मरणे', आणि तो बरोबरच आहे. पण 'निधन झाले' आणि 'गचकले' यांत जो फरक आहे, तो यादीवाल्याने गाळला होता. मी ऑफिसला कळवलं होतं की आजोबा गचकले, दुपारी येतो. रजा मिळाली. कुणी काही बोललंही नाही. दोन वर्षांनी माझं मलाच समजलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

---

दोनओळी

निळीशाई, तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या धंद्याचा आहे. गेली अठरा वर्षं मी इंग्रजी सिनेमे आणि मालिकांना मराठी सबटायटल्स लिहिते. पडद्यावर जागा दोन ओळींची आणि वेळ दोन-चार सेकंदांचा. तिथे वाक्प्रचार समजावून सांगायला फुरसत नसते, त्यामुळे तो नक्की कुठे बसतो हे कळल्याशिवाय गत्यंतर नसतं.

आधी तुमचा पाय मोकळा करू. मराठीत 'पाय ओढणे' म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत लेग ओढला तर ती थट्टा. वर आपल्याकडेच हल्ली मुलं म्हणतात, "माझी खेचू नकोस." ती खेचली जाणारी स्त्रीलिंगी वस्तू बहुधा हिंदीतली टांग असावी, असा माझा आपला अंदाज. हिंदीतल्या टांग खिंचाईत थट्टाही येते आणि आडवं जाणंही येतं. म्हणजे पाय खेचला तर वैर आणि नुसती खेचली तर गंमत, असे दोन्ही अर्थ आपल्या एकाच तोंडात आहेत. तुम्ही घसरलात यात नवल नाही.

शरीराच्या अवयवांवरचे वाक्प्रचार हा सगळ्यांत निसरडा भाग. यादीतले अनोळखी वाक्प्रचार माणूस निदान शोधून तरी बघतो. हे ओळखीचे वाटतात म्हणून कुणी शोधतच नाही. काही मी स्वतः ठेचकाळून शिकलेले सांगते.

आपण म्हणतो, "तो माझं डोकं खातो." म्हणजे बडबड करून पिडतो. इंग्रजीत "ही बिट माय हेड ऑफ" म्हणजे तो माझ्यावर वसकन ओरडला. एकात तासभराची भुणभुण, दुसऱ्यात दोन सेकंदांचा भडका. आपण कान भरतो म्हणजे एखाद्याचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करतो. इंग्रजीत "शी गेव्ह हिम ॲन इअरफुल" म्हणजे तिने त्याला समोरासमोर झाडलं. आपण एखाद्याला हात दाखवतो म्हणजे आपला इंगा दाखवतो. इंग्रजीत "ही शोड हिज हँड" म्हणजे पत्त्यांच्या डावात पानं उघडी पडावीत तसे त्याने आपले बेत उघडे केले. पहिल्यात माणूस भारी पडतो, दुसऱ्यात बहुतेकदा स्वतःचंच नुकसान करून घेतो. एका थरारपटात हे मी पार उलटं लिहिलं होतं. खलनायक मूर्खपणा करून बसला होता आणि माझ्या सबटायटलमध्ये तो मर्दुमकी गाजवत होता.

अर्थात सगळेच असे दगाबाज नसतात. नाक खुपसणं इकडेतिकडे सारखंच, पाठीत खंजीरही सारखाच. आणि "टर्न अ ब्लाइंड आय" आला की मला 'कानाडोळा' लिहिता येतं, त्या दिवशी मी खूश असते. त्यांना चार शब्द लागतात, आपलं काम एका शब्दात होतं! त्या आंधळ्या डोळ्याचं श्रेय नेहमी ॲडमिरल नेल्सनला देतात. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला, तेव्हा त्याने दुर्बीण दृष्टी गेलेल्या डोळ्याला लावली आणि मला काही दिसत नाही म्हणाला, अशी ती कथा. दृष्टी गेली होती हे खरं, दुर्बिणीच्या प्रसंगाला मात्र नंतर बरंच मीठमसाला लागलाय असं मानतात.

आता यादीबद्दल. यादी अर्थ सांगते. तो वाक्प्रचार कोण बोलतं, कुणाला बोलतं आणि तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा कसा असतो, हे ती सांगत नाही. माझंच उदाहरण घ्या. "स्पीक ऑफ द डेव्हिल" म्हणजे ज्याच्याबद्दल बोलत होतो तोच हजर. आपल्याकडे तयार वाक्य आहे, "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला." वर्षानुवर्षं बिनधास्त तेच वापरत होते. मग एका मालिकेत प्रसंग आला. घरातले सगळे सावकाराच्या नावाने बोटं मोडतायत आणि तेवढ्यात दारात सावकार. मी सवयीने लिहिलं, "शंभर वर्षं आयुष्य आहे." तपासणाऱ्या बाईंनी शेरा मारला: 'हा माणूस आज रात्री मेला तर बरं, असं घर आहे हे. आयुष्य कसलं देताय?' बदलून लिहिलं, "नाव काढलं आणि टपकला." इंग्रजीत सैतान मित्रालाही चालतो आणि शत्रूलाही, तो आता तेवढा गुळगुळीत झालाय. मराठीत आशीर्वाद अजून आशीर्वादच आहे.

आणखी एक गोष्ट, ही कुठल्या यादीत सापडायची नाही. काही वाक्प्रचार गोठलेले असतात, काही थोडे वाकतात. "स्पिल द बीन्स" म्हणजे गुपित फोडणं. ते "द बीन्स वर स्पिल्ड" असं फिरवता येतं. पण "द बकेट वॉज किक्ड" म्हटलंत तर कुणी मरत नाही, खरोखरची बादली लवंडते. अमुक का वाकतो आणि तमुक का नाही, यावर भाषाशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिलंय. एक ढोबळ खूण अशी की बीन्स म्हणजे गुपित, स्पिल म्हणजे बाहेर पडणं, असे तुकड्यांना तुकडे जुळतात. बादली मात्र मरणातल्या कशाशीच जुळत नाही. म्हणून शंका असेल तर वाक्प्रचार जसा ऐकलात तसाच उचला, त्यातला एक 'द'सुद्धा हलवू नका.

मॅनेजरला काय लिहायचं ते रात्री सांगते. आत्ता डेडलाइन आहे.

---

शब्दवेडा

दोनओळी, फार छान. उगमाच्या गोष्टी माहीत असल्या की वाक्प्रचार लक्षात राहतात, असा माझा अनुभव. उदा. "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज". पूर्वी इंग्लंडात गवताने शाकारलेली छपरं असत, कुत्री-मांजरं उबेला छपरात बसत आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत. म्हणून तो शब्दप्रयोग आला.

---

दोनओळी

शब्दवेडा, ही गोष्ट ज्या ईमेलमधून जगभर पसरली तो १९९९ च्या सुमारास फिरत होता. १५०० सालच्या जीवनाबद्दलच्या अशाच बऱ्याच थापा त्यात एकत्र होत्या. कुत्र्याला छपरात बसलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? आणि तिथून पावसाने घसरायचं, तर ते छपराच्या आत नाही, बाहेरच्या बाजूला बसलेलं असायला हवं. ऊब कसली मिळणार तिथे!

हा शब्दप्रयोग जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली छापलेल्या संवादांत या रूपात सापडतो. उगम नक्की सांगता येत नाही. आणि स्विफ्टने तो घातला तो उच्चभ्रू लोकांच्या घिस्यापिट्या बोलण्याची टर उडवताना! म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच तो शिळा झाला होता. पण आपल्याकडच्या प्रत्येक यादीत तो पहिल्या पानावर. अठरा वर्षांत माझ्यासमोर आलेल्या संवादांत तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच आला असेल. जोराचा पाऊस असला की लोक "इट्स पोअरिंग" म्हणतात आणि छत्री शोधतात.

गोष्ट लक्षात ठेवायला उपयोगी पडते हे कबूल. फक्त गोष्ट जितकी गोंडस, तितका माझा तिच्यावरचा विश्वास कमी.

---

सातासमुद्रापार

माझी भर. मी आधी ब्रिटिश क्लायंटबरोबर होतो, आता अमेरिकन. दोघांची इंग्रजी एकच, असं समजणाऱ्याचं काही खरं नाही.

"लेट्स टेबल धिस" हे ब्रिटिश माणूस म्हणाला तर विषय चर्चेला घेऊ या. अमेरिकन म्हणाला तर विषय बाजूला ठेवू या. अगदी उलट! चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत हा किस्सा दिलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, त्यांनी 'टेबल' म्हटलं. अमेरिकनांना वाटलं हे टिपण खणात टाकायला निघालेत. बराच वेळ जोरदार वाद. शेवटी लक्षात आलं की दोघांना एकच हवंय. माझ्या बाबतीत युद्ध नव्हतं, एक फीचर होतं. मी ते करून ठेवलं आणि ते कुणालाच नको होतं. तीन आठवडे पाण्यात.

खेळांचाही घोळ. अमेरिकन बोलण्यात बेसबॉल ठासून भरलेला असतो. "टच बेस" म्हणजे थोडं बोलून घेऊ, "बॉलपार्क फिगर" म्हणजे अंदाजे आकडा, "कर्व्हबॉल" म्हणजे अनपेक्षित अडचण. ब्रिटिशांकडे क्रिकेट, ते आपल्याला आयतंच कळतं. "ऑन अ स्टिकी विकेट" म्हणजे अवघड परिस्थितीत. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत. पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळायला लागली की चेंडू कसाही उसळायचा आणि फलंदाजाची गाळण उडायची. आता खेळपट्ट्या झाकतात, ती विकेट गेली, वाक्प्रचार राहिला. हा मी एकदा अमेरिकन कॉलवर वापरला. पलीकडे शांतता. मग एकाने विचारलं, "स्टिकी व्हॉट?"

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार. कट्टेकरी, तुमच्या आजोबांमुळे मला माझा पाय थोडा कमी दुखला.

दोनओळी, एक विचारू? हे सगळं वाचून मला उलट भीतीच वाटायला लागली आहे. मग वाक्प्रचार वापरूच नयेत का? साधं सरळ लिहिलं की आपलं इंग्रजी शाळकरी वाटतं, असं सतत वाटत राहतं.

---

दोनओळी

वापरू नका असं नाही म्हणत. समजायला शेकडो हवेत, वापरायला वीसही पुरतात. आणि ते वीस तुम्हाला यादीत चमकदार वाटणारे नसतात. "ऑन द सेम पेज" म्हणजे सगळ्यांचं एकमत, "कीप मी इन द लूप" म्हणजे मला कळवत राहा, "हेड्स-अप" म्हणजे आगाऊ सूचना, "प्ले इट बाय इअर" म्हणजे वेळ येईल तसं बघू. तुमचा मॅनेजर रोज बोलत असेल हे, कदाचित तुमच्या लक्षातही येत नसेल. तोच जे दोन-तीनदा बोललाय ते त्यालाच परत द्या. चुकण्याची शक्यता जवळपास नाही. बाकी काही नवं भेटलं तर फुकट मिळणाऱ्या लर्नर्स डिक्शनऱ्या आहेत, ऑक्सफर्डची, केंब्रिजची, लाँगमनची. त्यात अर्थाशेजारी बारीक अक्षरात 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'डिसअप्रूव्हिंग' असा शिक्का असतो. अर्थाच्या आधी तो शिक्का वाचायचा. कट्टेकरींनी तो वाचला असता तर आजोबा सन्मानाने गेले असते.

शाळकरी वाटण्याबद्दल. माझ्या मते तक्रार करताना वाक्प्रचार मुळात वापरूच नये. वाक्प्रचार गोष्ट रंगवतो आणि तक्रारीला रंग नको, तारीख हवी. "थ्रोन अंडर द बस" वगैरे तुम्हाला कुणी सुचवेल. त्याचा अर्थ स्वतःची कातडी वाचवायला दुसऱ्याचा बळी देणं. तुमचा सहकारी ते करत नाहीये.

तो काय करतोय त्याला इंग्रजीत एक साधं क्रियापद आहे, अंडरमाइन. जरा थांबून बघा त्याच्याकडे. अंडर आणि माइन. तटबंदीखाली भुयार खणून ती ढासळवायची, हा त्याचा मूळ अर्थ. आपण सुरुंग लावणं म्हणतो तेच! तटबंदी बाहेरून शाबूत दिसते आणि खालून पोखरली जाते. चूक निघत नाही पण शंका राहते, असं तुम्ही लिहिलंत ना, अगदी तेच. हाही एके काळचा वाक्प्रचारच, वापरून वापरून साधा शब्द झालेला. असे शब्द मला फार आवडतात. कुणाला कळतही नाही की आपण आत्ता किल्ला पाडला.

मेल असा लिहा. आधीचं वाक्य सरळ मागे घ्या: "आय यूज्ड द राँग फ्रेज इन माय लास्ट मेल. आय वॉज नॉट जोकिंग." मग, "आय फील माय वर्क इज बीइंग अंडरमाइन्ड इन क्लायंट कॉल्स." मग दोन-तीन प्रसंग. तारीख, तो काय म्हणाला, तुम्ही तपासल्याचा पुरावा कुठे आहे. शेवटी तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात. बस. चुकीचा शब्द वापरला हे कबूल करायला लाजू नका. पाय ओढण्याचा मराठी अर्थही एका ओळीत सांगून टाका, मॅनेजरला मजा वाटेल आणि लक्षातही राहील.

---

कट्टेकरी

त्या सहकाऱ्यासाठी इंग्रजीतही खेकडे आहेत बरं का. "क्रॅब्स इन अ बकेट". एक वर चढला की बाकीचे खाली ओढतात. आणि बघा, बादली इथेही आलीच. माझी काही सुटका नाही.

---

निळीशाई

दहा दिवसांनी येतेय.

मेल दोनओळींनी सांगितला तसाच पाठवला, फक्त शेवटचं वाक्य माझं. "मला एवढंच हवंय की शंका असेल तर ती कॉलच्या आधी मला विचारावी." तीन तारखा दिल्या, प्रत्येक तारखेच्या टेस्ट रिपोर्टची लिंक दिली. मराठीतला पाय पण सांगितला.

या वेळी उत्तराला दहा मिनिटं नाही, पूर्ण दिवस लागला. जीव टांगणीला. मग आलं: "थँक यू फॉर द हेड्स-अप, अँड आय ॲम सॉरी आय लाफ्ड. लेट्स निप धिस इन द बड." घाई केली नाही. आधी डिक्शनरी उघडली. बड म्हणजे कळी, कळीतच खुडून टाकू. शिक्काही बघितला, कसलाच नव्हता. म्हणजे कुठेही चालणारा.

परवाच्या कॉलला मी आणि मॅनेजर दोघंच आधी जॉइन झालो होतो. त्याने सांगितलं, त्या सहकाऱ्याशी बोललोय, यापुढे शंका कॉलआधीच लेखी द्यायच्या. हे बोलणं चालू असतानाच पडद्यावर तिसरी चौकट उघडली. तोच! मॅनेजर हसून म्हणाला, "वेल, स्पीक ऑफ द डेव्हिल."

मी माइक बंद आहे ना ते दोनदा तपासलं आणि मग म्हटलं, "नाव काढलं आणि टपकला."